जेट लॅग: आधी आपली तळाची वेळ काढा, मग उन्हात जा

जेट लॅगवर, म्हणजे लांब विमानप्रवासात टाइम झोन बदलल्यावर शरीराची वेळ चुकते त्यावर, सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे "उतरल्या उतरल्या उन्हात जा, शरीर आपोआप ॲडजस्ट होतं". मीही तेच ऐकलं होतं. पहिला लांबचा प्रवास होता, पूर्वेकडे, सात तासांचा फरक, सकाळी सहाला उतरले, सामान रूमवर टाकलं आणि सरळ जवळच्या बागेत जाऊन तीन तास कोवळ्या उन्हात बसले, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी हालत पहिल्या दिवसापेक्षा वाईट. रात्रभर टक्क जागी, दुपारी समोरचा माणूस बोलतोय आणि माझे डोळे मिटतायत, भूक लागली तर पहाटे तीनला. तेव्हा वाटलं आपलंच शरीर नाजूक आहे. नंतर हा विषय नीट वाचला, समजून घेतला, तेव्हा कळलं की मी रोज तीन तास बसून माझं घड्याळ उलट्या बाजूला ढकलत होते.

तर या लेखात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. ऊन हे औषध आहे पण त्याला वेळ आहे, आणि ती वेळ तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात दिसत नाही, ती तुमच्या शरीरातल्या घड्याळावरून काढावी लागते. काढायला सोपी आहे, कागद-पेन घेऊन पाच मिनिटांचं काम. पण त्याआधी आतलं घड्याळ चालतं कसं हे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या पाठ कराल आणि पहिला प्लॅन बदलला की गडबडाल.

आतलं घड्याळ नक्की आहे कुठे

दोन्ही डोळ्यांकडून मेंदूत जाणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर एक छोटासा भाग आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाचा, सोयीसाठी एससीएन म्हणू. जेमतेम २० हजार पेशी. पण झोप कधी, जाग कधी, शरीराचं तापमान कधी चढणार कधी उतरणार, मेलाटोनिन हे रात्रीचं हॉर्मोन कधी सुटणार, कॉर्टिसॉल हे सकाळी जागं करणारं हॉर्मोन कधी वाढणार, हे सगळं इथून ठरतं. आणि हे घड्याळ स्वतःचं स्वतः चालतं, बाहेरून कोणी वेळ सांगितली नाही तरी.

ही गोष्ट झाडावर आधी लक्षात आली. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं, तरी ते दिवसा पानं उघडायचं आणि रात्री मिटायचं. माणसाचं बघायचं तर मला सगळ्यात आवडतो तो मिशेल सिफ्र. १९६२ मध्ये हा माणूस घड्याळाशिवाय आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला, बर्फाशेजारी, एकटा. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती २० ऑगस्ट. म्हणजे डोक्याचा हिशोब पार चुकला होता, पण झोपण्या-उठण्याचं चक्र? ते साधारण साडेचोवीस तासांवर चालू होतं. मन हरवलं, शरीर नाही हरवलं. पुढे लॅबमध्ये प्रकाश वगैरे नीट कंट्रोल करून मोजलं तेव्हा माणसाच्या घड्याळाची फेरी सरासरी २४ तास आणि वर काही मिनिटं एवढी निघाली. पेशीच्या आत हे घड्याळ कुठले जीन्स चालवतात हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

ही वरची काही मिनिटं फार महत्त्वाची आहेत. आपलं घड्याळ रोज किंचित मागे पडतं आणि उजेड त्याला रोज ढकलून जागेवर आणतो. त्यामुळे बहुतेकांना उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. पश्चिमेकडे गेलात की दिवस लांबतो, शरीराला उशिरा झोपायचं असतं, ते जमतं. पूर्वेकडे गेलात की लवकर झोपायचं असतं, तिथे घोडं अडतं. सरासरी बघितली तर पश्चिमेकडे घड्याळ रोज साधारण दीड तास सरकतं, पूर्वेकडे साधारण एकच तास. म्हणून जाताना त्रास नाही आणि परत आल्यावर आठवडा गेला, किंवा उलटं, असं लोक सांगतात ते खरंच असतं.

उजेड एससीएनपर्यंत पोचतो कसा हेही बघा. डोळ्याच्या पडद्यात काही वेगळ्या पेशी असतात, त्यांचं काम चित्र दाखवणं हे मुख्यतः नसतंच, किती उजेड आहे एवढं त्या कळवतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं. काही अंध लोकांमध्ये दिसत काहीच नाही पण या पेशी शाबूत असतात, आणि त्यांचं घड्याळ रोज बरोबर लागतं. मला हे वाचून खूप वेळ आश्चर्य वाटत राहिलं होतं.

अजून एक. घड्याळ एकटं एससीएनमध्ये नाहीये. लिव्हर, आतडं, किडनी, स्नायू, सगळ्यांची आपापली छोटी घड्याळं आहेत, एससीएन त्यांना वेळ देतं. प्रवासानंतर सगळी एकाच वेगाने सरकत नाहीत, आणि पोटाची घड्याळं जेवणाच्या वेळेकडेही बघतात. म्हणून जेट लॅगमध्ये नुसती झोप जात नाही, पोट बिघडतं, बद्धकोष्ठ होतं, भलत्या वेळी भूक लागते, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. हे आजारपण नाही, आतली माणसं वेगवेगळ्या शहरांत राहतायत असं समजा.

थकवा आणि जेट लॅग एक नाही

हे आधी वेगळं करा. बारा तास विमानात बसून उत्तर-दक्षिण गेलात, टाइम झोन बदलला नाही, तर अंग आंबेल, डोकं दुखेल, घसा कोरडा पडेल, पण जेट लॅग होणार नाही. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो आणि हवा अगदी कोरडी, शिवाय नीट झोप नाही, पाय आखडलेले. हा थकवा एका चांगल्या झोपेत जातो. जेट लॅग एका झोपेत जात नाही कारण तिथे झोप कमी पडलेली नसते, वेळ चुकलेली असते.

फरक तीन तासांच्या आत असेल तर फार डोकं लावू नका, दोन-तीन दिवसांत आपोआप होतं. आणि तिकडे दोनच दिवस राहून परत यायचं असेल तर घड्याळ सरकवायच्या भानगडीतच पडू नका, शक्य तेवढं घरच्या वेळेने झोपा-उठा आणि महत्त्वाच्या मीटिंगा तुमच्या घरी दिवस असेल अशा वेळी घ्या. खरी मेहनत करायची ती फरक पाच-सहा तास किंवा जास्त आणि मुक्काम चार-पाच दिवस किंवा जास्त असेल तेव्हा.

पायरी १: तळाची वेळ काढा

शरीराचं आतलं तापमान चोवीस तासांत थोडं वर-खाली होतं. संध्याकाळी सगळ्यात जास्त, आणि पहाटे एका वेळेला सगळ्यात कमी. त्या सगळ्यात कमी वेळेला मी "तळ" म्हणते. हा तळ साधारणपणे आपल्या नेहमीच्या उठायच्या वेळेच्या दोन ते तीन तास आधी येतो. थर्मामीटर लावून बसायची गरज नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशी, अलार्म न लावता, आदल्या आठवड्यात फार जागरण झालेलं नसताना किती वाजता उठता ते आठवा, त्यातून तीन वजा करा. अलार्मची वेळ धरू नका, ती ऑफिसची वेळ आहे, तुमची नाही.

समजा तुम्ही अकराला झोपून सातला उठता. तळ चारचा. रात्री दोनला झोपून दहाला उठणारा असेल तर त्याचा सातचा. एकाच विमानातून शेजारी शेजारी बसून गेलेल्या या दोघांचे प्लॅन वेगळे असणार, आणि म्हणून मित्राने केलं तसं करून उपयोग नाही.

आता मूळ नियम, हा एकच नियम लक्षात राहिला तरी लेख वाचल्याचं चीज झालं. तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर भरपूर उजेड पडला तर घड्याळ मागे जातं, म्हणजे उद्या झोप अजून उशिरा येणार. तळाच्या नंतरच्या काही तासांत पडला तर घड्याळ पुढे जातं, म्हणजे उद्या झोप लवकर येणार. तळाच्या जितकं जवळ तितका जोर जास्त. घरी असताना सकाळचं ऊन चांगलं का, तर ते तळानंतर येतं. रात्री उशिरा झगझगीत दिवे वाईट का, तर ते तळाआधी येतात. सूर्याच्या सकाळशी याचा थेट संबंध नाहीच, संबंध आहे तुमच्या तळाशी.

पायरी २: तळ तिकडच्या वेळेत बदलून घ्या

पूर्वेकडे जाताय तर फरक मिळवा, पश्चिमेकडे जाताय तर वजा करा. तळ चारचा आणि पूर्वेला सात तास, तर तिकडे तुमचा तळ सकाळी अकराला. पश्चिमेला सात तास, तर तळ रात्री नऊला. फोनवर दोन्ही ठिकाणची आजची वेळ उघडून प्रत्यक्ष फरक बघा, कारण बऱ्याच देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि आपण मागच्या वेळचाच फरक धरून बसतो. साडेतीन, साडेचार असे अर्ध्या तासाचे फरक असले तरी अर्ध्याची काळजी करू नका, एवढी अचूकता आपल्या अंदाजातही नाही.

आता माझं बागेतलं ऊन परत बघा. सकाळी सहा ते नऊ मी बसले होते. माझा तळ अकराला होता. म्हणजे माझ्या शरीरासाठी ती रात्री अकरा ते दोनची वेळ होती आणि मी त्याच्यावर लख्ख सूर्य मारत होते.

पायरी ३: पूर्वेकडे गेलात तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जास्त लिहिते. पूर्वेकडची रात्रीची फ्लाइट बहुतेक वेळा सकाळी लवकर उतरते आणि बाहेर मस्त उजाडलेलं असतं. सात तासांच्या उदाहरणात तळ अकराचा, तर पहिल्या दिवशी अकरापर्यंत उजेड टाळायचा आणि अकरा ते दोन भरपूर घ्यायचा.

टाळायचा म्हणजे काय, तर विमानातून बाहेर पडतानाच गडद गॉगल लावा, टॅक्सीत खिडकीपासून लांब बसा, रूमचे पडदे ओढून घ्या, आंघोळ करा, पडून राहा, पण मोठे दिवे लावून बसू नका. एक गोष्ट जीव तोडून सांगते, त्या अवस्थेत स्वतः गाडी चालवू नका, गॉगल लावून तर नाहीच. शरीराच्या मध्यरात्री स्टिअरिंगवर बसणं म्हणजे पेंगत गाडी चालवणं.

मग अकराला बाहेर पडा. खिडकीत बसून भागत नाही. घरातल्या साध्या दिव्यांचा उजेड १०० ते ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास असतो, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात आणि कडक उन्हात लाखाच्या घरात. सूर्याकडे बघायचं नाही अर्थातच, नुसतं उघड्यावर राहायचं, गॉगल काढून, चालत, जमलं तर भराभर चालत.

दुसऱ्या दिवशी सगळं एक तास अलीकडे. दहापर्यंत टाळा, दहा ते एक घ्या. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी आठ, आणि इथून पुढे तुम्ही उठेपर्यंत तळ जवळजवळ झोपेतच निघून गेलेला असतो, मग सकाळी उठून बाहेर जाणं हाच प्लॅन. म्हणजे "सकाळचं ऊन घ्या" हा सल्ला खोटा नाही, तो चौथ्या-पाचव्या दिवसाचा सल्ला आहे आणि लोक पहिल्या दिवशी देतात.

रात्रीचं काय? पहिल्या रात्री दमलेले असाल तर दहा-साडेदहाला झोप लागेल, आणि एक-दोनला खाडकन जाग येईल. याचं कारण झोप दोन गोष्टींवर चालते. एक घड्याळ, आणि दुसरा झोपेचा दाब, जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं त्याने वाढणारा. दमल्यामुळे दाब भरपूर होता म्हणून झोप लागली, दोन तीन तासांत दाब उतरला, आणि घड्याळ म्हणतंय अजून संध्याकाळचे सहा-सात वाजलेत. तेव्हा त्रागा करू नका. फोन हातात घेऊ नका, कारण ही सगळी वेळ तळाच्या आधीची आहे आणि तो उजेड मागेच ढकलणार. मंद पिवळसर दिवा लावून पुस्तक वाचा, नाहीतर अंधारात काहीतरी ऐकत पडून राहा.

पायरी ४: पश्चिमेकडे गेलात तर

हे सोपं आहे. सात तासांत तळ रात्री नऊला आला. मग दुपारी उशिरापासून नऊपर्यंत उजेडात राहा, आधी बाहेर, सूर्य मावळला की आत सगळे दिवे लावून. नऊनंतर दिवे कमी करा आणि जमेल तेवढं ताणून दहा-साडेदहाला झोपा. संध्याकाळी सहालाच झोप अनावर होते, तेव्हा "पाच मिनिटं पडतो" म्हणणारा माणूस रात्री बाराला ताजातवाना उठतो, म्हणून त्या वेळी पलंगाजवळ जायचंच नाही, बाहेर चालायला जा, कोणाशी तरी बोलत राहा. दुसऱ्या दिवशी तळ साडेदहाला, तिसऱ्या दिवशी बाराला, आणि काम झालंच म्हणून समजा. पहाटे तीन-चारला जाग येईल, उजाडेपर्यंत अंधारातच राहा.

पायरी ५: फरक खूप मोठा असेल, नऊ-दहा तासांच्या वर पूर्वेकडे

इथे दिशाच बदला. पूर्वेला अकरा तास म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने पश्चिमेला तेरा तास. अकरा तास पुढे ढकलायला रोज एक या हिशोबाने अकरा दिवस, तेरा तास मागे ढकलायला रोज दीड म्हणजे साधारण नऊ. शिवाय शरीर मागे जायला राजी असतं. तळ चारचा असेल तर तिकडे तो दुपारी तीनला येतो. म्हणून सकाळपासून तीनपर्यंत बिनधास्त उजेडात राहा आणि तीन ते सहा टाळा, गॉगल, आतली कामं. दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत घ्या, तिसऱ्या दिवशी सहापर्यंत, पुढे सूर्यच मदतीला येतो. सगळ्यात वाईट म्हणजे एक दिवस पुढे आणि एक दिवस मागे ढकलणं, त्यात घड्याळ जागच्या जागी गोल फिरत राहतं आणि आठवडा वाया जातो. एक बाजू ठरवा आणि तीच धरून ठेवा.

पायरी ६: घरूनच थोडं सरकवून निघा

पूर्वेकडे जायचं असेल तर याच्यासारखा फायदा कशात नाही, पण बॅगा भरायच्या नादात कोणी करत नाही. निघायच्या आधी तीन दिवस रोज एक तास लवकर झोपा, एक तास लवकर उठा आणि उठल्या उठल्या भरपूर उजेडात जा, बाहेर अंधार असेल तर घरातले सगळे दिवे लावा. सातला उठणारा माणूस सहा, पाच, चार असा जाईल. तळ चारवरून एकवर आला की तिकडे तो अकराऐवजी आठला येतो, म्हणजे सहाला उतरलात तरी फक्त दोन तास गॉगल. तीन दिवस जमत नसतील तर दोनच करा, तेवढंही पुष्कळ. पण पहिल्याच दिवशी एकदम चारला उठून दिवे लावू नका, त्या दिवशी तुमचा तळच चारला आहे, उजेड त्याच्या अलीकडे पडला तर काम उलटं होईल. पश्चिमेकडे जाताना रोज तास-दीड तास उशिरा झोपा आणि उशिरापर्यंत उजेडात राहा, हे तर सगळ्यांना येतंच.

पायरी ७: विमानात

बसल्या बसल्या मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेला लावा असं सगळे सांगतात, लावा, त्याने शरीराचं काही बदलत नाही पण निर्णय सोपे होतात. तिकडे रात्र असेल तेव्हा डोळ्यांवर पट्टी, कानात इअरप्लग, आणि जेवणाची ट्रे आली म्हणून उठायची गरज नाही, आधीच सांगून ठेवा. दारूने झोप लवकर लागते पण तुटक लागते, टाळा. पाणी पीत राहा. चार तासांपेक्षा लांब फ्लाइटमध्ये पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून मधून मधून उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, गरोदर असाल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ८: डुलकी, कॉफी, जेवण

डुलकी घ्या, पण वीस-तीस मिनिटं, अलार्म लावून, आणि दुपारी उशिरा नाही. लांब डुलकीने झोपेचा दाब उतरतो आणि रात्री वापरायला काही उरत नाही.

कॉफी ॲडेनोसिनची जागा अडवते, म्हणून ती जागं ठेवते, थकवा घालवत नाही. तिचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. तिकडच्या सकाळी प्या, झोपायच्या आधी आठेक तास बंद. चहातही कॅफीन असतं हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

जेवण तिकडच्या वेळेने, पहिल्या दिवसापासून. भूक नसली तरी थोडं खा, आणि रात्री तीनला भूक लागली तर अगदी हलकं काहीतरी. पोटाची घड्याळं याने लवकर जुळतात असं दिसतं, पण उजेडाइतका याचा जोर नाही, त्यामुळे उजेडाचा प्लॅन सोडून नुसतं जेवणाचं टाइमटेबल पाळत बसू नका.

मेलाटोनिनबद्दल

लोक याला झोपेची गोळी समजतात. ती तशी नाही. मेलाटोनिन म्हणजे शरीराला "रात्र झाली" असा निरोप. रोज झोपायच्या दोनेक तास आधी ते आपलं आपण सुटायला लागतं आणि उजेड पडला की दबतं. गोळी घेतली की तो निरोप लवकर पोचतो, आणि पूर्वेकडे गेल्यावर आपल्याला नेमकं तेच हवं असतं. पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडल्यावर, तिकडच्या झोपायच्या वेळी घेतलं तर जेट लॅग कमी होतो हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. डोस अर्धा मिलिग्राम ते पाच मिलिग्राम, पाचाच्या वर जाऊन जास्त फायदा दिसत नाही. पहिल्या तीन-चार रात्री पुरे. वेळ चुकवलीत, म्हणजे दिवसा घेतलीत, तर दिवसभर पेंग आणि घड्याळही भलतीकडे. पश्चिमेकडे जाताना बहुतेकांना लागत नाही.

काही देशांत हे साध्या दुकानात मिळतं, काही देशांत प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि जिथे सप्लिमेंट म्हणून विकतात तिथे लेबलवरचा आकडा आणि गोळीतला माल यांत बराच फरक निघालेला आहे, म्हणून खात्रीच्या कंपनीचंच घ्या. फिट येत असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदर असाल, किंवा लहान मुलांना द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. घेतल्यावर गाडी चालवायची नाही.

बाकीच्या औषधांचंही लक्ष ठेवा. इन्सुलिनसारख्या औषधांच्या वेळा दिवस लांबला किंवा आखूड झाला की बदलाव्या लागतात, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, विमानात बसून अंदाज करू नका. गर्भनिरोधक गोळी घड्याळ बघून नाही, तास मोजून घ्या, चोवीसच्या हिशोबाने. ज्यांना बायपोलरचा त्रास आहे किंवा जागरणाने फिट येते त्यांनी तर आधी बोलणं फार गरजेचं, कारण झोप मोडणं हेच तिथे ठिणगीसारखं काम करतं.

सगळ्यांचं सारखं होत नाही

१९३८ मध्ये क्लाइटमन नावाचा झोपेचा अभ्यासक आणि त्याचा विद्यार्थी रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. तरुण रिचर्डसनला जमलं. क्लाइटमनला शेवटपर्यंत नाही, त्याचं शरीर चोवीसवरच अडून बसलं. दोघं एकाच गुहेत, एकच खाणं, एकच दिवे. तेव्हा बरोबरचा माणूस दुसऱ्या दिवशी फिरायला तयार आणि तुम्ही भिंतीला टेकून बसलाय असं झालं तर स्वतःला दोष देऊ नका, आणि तुम्ही ठीक असाल तर त्याला "काय नाजूक आहेस" म्हणू नका. पहाटे उठणाऱ्यांना पूर्व थोडी सोपी, रात्री जागणाऱ्यांना पश्चिम. वय वाढलं की सरकायला जास्त वेळ लागतो असं बऱ्याच जणांना जाणवतं, घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर पहिले दोन दिवस रिकामे ठेवा. लहान मुलं रात्री दोनला खेळायला उठतील, त्यांना रागावून झोप येणार नाही, दिवे मंद ठेवून शांत खेळू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही योग्य वेळी बाहेर न्या.

परतीचा हिशोब

येताना परत पहिल्या पायरीपासून, पण एक गंमत लक्षात ठेवा. तिकडे दोन आठवडे राहून नीट जुळला असाल तर तुमचा तळ आता तिकडच्या चारचा आहे, तिथून नव्याने मोजा. पण पाचच दिवस राहिला असाल आणि सातपैकी पाच तास सरकले असाल, तर तळ अजून तिकडच्या सकाळी सहाच्या आसपास आहे, आणि घरच्या वेळेने तो रात्री अकराला येतो. म्हणजे घरी पोचल्यावर फक्त पाच तासांचा फरक भरायचा आहे, तोही मागे, सोप्या बाजूला. संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीत उजेड असेपर्यंत थांबा, मग आत दिवे लावून साडेदहा-अकरापर्यंत जागे राहा, दुसऱ्या दिवशी तळ साडेबाराला जातो, तिसऱ्या दिवशी दोनला. निघायच्या आदल्या रात्री एका कागदावर हे तीन आकडे लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, उतरल्यावर झोपेने जड झालेल्या डोक्याने बेरीज-वजाबाकी होत नाही.